चारशे अठरा नंबरचं कार्ड

रविवार, १ फेब्रुवारी १९९८

...अभ्रे पिळून बादलीत टाकले होते, शेगडीवर उतू गेलेली कॉफी पुसून झाली होती आणि मी कपड्यांचे चिमटे शोधत होते. एवढ्यात माझा नवरा एमिल जाकीट घालून मागच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "लिदा, कार्डांच्या बाजाराला आज तूही चल." १९९३ चा सप्टेंबर. कारखान्याने त्याला घरी बसवलं त्याला तीन आठवडे झाले होते, आणि त्या तीन आठवड्यांत तो टपालपेटीपर्यंतसुद्धा गेला नव्हता. मी अभ्रे तसेच ओले ठेवले आणि निघाले. संध्याकाळी त्यांना वास यायला लागला होता, परत धुवावे लागले.

आज माझी मैत्रीण बर्नी हिच्या गाडीत बसताना ती बादली का आठवली कोण जाणे. आठवली म्हणून लिहिलं. लायब्ररीतल्या मिसेस पेल यांनी ही वही दिली तेव्हा बजावलं होतं, जे आठवेल ते लिहायचं, शाळेचा निबंध समजायचं नाही. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ती भीती नाही.

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार. एमिल तरुणपणापासून १९६१ सालची, च्युइंगमसोबत मिळणारी बेसबॉलवाल्यांची फोटोकार्डं जमवत होता. सगळा संच झाला, एक सोडून. चारशे अठरा नंबर, व्हर्जिल टास्कर. त्या वर्षी त्याचा प्रत्येक चेंडू कोणीतरी मैदानाबाहेर भिरकावला. त्याच्या आईनेसुद्धा त्याचं कार्ड ठेवलं नसेल, असं बर्नी म्हणते. तसं ते दुर्मीळ नाही. काचेखाली ठेवलेलं, कोरं करकरीत मिळतं. पण एमिल काचेखालचं घ्यायचा नाही. दुमडलेलं, च्युइंगमचा डाग पडलेलं, पोरांनी मिशा काढलेलं, डॉलरला एक अशा खोक्यात स्वतःच्या बोटांनी सापडलेलं, तेच कार्ड खरं, असा त्याचा नियम.

मागच्या मार्चमध्ये दवाखान्यात तो शेवटचं जे बोलला ते हेच. "चारशे अठरा," म्हणाला, आणि मग, "हॉकीत." नर्स म्हणाली, औषधामुळे बरळतात. आमच्या घरात हॉकी कधी कोणी बघितली नाही. मी त्याचा हात धरून म्हटलं, "शोधते, एमिल. नक्की शोधते." तो हसला. ते हसू कसलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

तर शोधतेय. सप्टेंबरपासून बर्नी मला नेते, कारण मोतीबिंदूमुळे माझं गाडी चालवणं बंद आहे. बर्नी ओलेक्सी माझी बावीस वर्षांपासूनची मैत्रीण, शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही शेजारी शेजारी बटाटे सोलले. तीही कार्डं घेते, पण फोटोत डोळे मिटलेल्या खेळाडूंचीच. तिच्याकडे दोनशे झालीत. "जागे पुरुष मी पुष्कळ बघितले," म्हणते.

ऑरिन स्टोल्ट्झचं टेबल अगदी शेवटी, कोटांच्या खुंट्यांपाशी. ऐंशीचा असेल, कानाने कमी. त्याची तेरा खोकी. आतली कार्डं तो लावत नाही, कोणी लावली तर चिडतो. मी वाकून चाळत होते तेव्हा डाव्या बाजूला कोणीतरी जरा सरकून मला जागा करून दिली. बाहीला बाही घासली. "थँक यू," म्हणून मी बघितलं तर खुंटीवर कोट होते, बाकी कोणी नाही.

एमिल नेहमी माझ्या डावीकडे उभा राहायचा.

चारशे अठरा मिळालं नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

रोझानचा फोन. तिच्या घराच्या मागे दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. "आई, इथे बर्फ नाही, जिना नाही, नातवंडं आहेत. आणखी काय पाहिजे तुला?"

मी म्हटलं, "बाबांचं एक काम राहिलंय."

"ते कार्ड? आई, मी कॉम्प्युटरवर आत्ता मागवते. चार दिवसांत दारात येईल."

"मागवलंस तर परत पाठवीन."

तिने मागे ओरडणाऱ्या पोरांना दटावलं. मग म्हणाली, "बरं. जूनपर्यंत. कार्ड मिळालं तर त्या कामातून तुझी सुटका, नाही मिळालं तर आपण बोलू. पण मिळालं तर येणार, असा शब्द दे."

शब्द दिला. तिचं चुकतं असं नाही. घर मोठं आहे, आणि वरच्या खोल्यांत मी आठ-आठ दिवस जात नाही.

रविवार, १ मार्च

रोझानला दिलेला शब्द मी बर्नीला गाडीत सांगितला. ती म्हणाली, "अॅरिझोना? तिथे सकाळी बूट झटकून घालावे लागतात, विंचू निघतात." मग हॉल येईपर्यंत एक शब्द नाही. बर्नी गप्प बसली की गाडी जास्त आवाज करते.

आत गेल्यावर तिची गाडी रुळावर आली. रिची नावाचा एक पोस्टमन आहे, त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "बघ, बघ. परत पुरतोय." स्वस्ताच्या मागे लागलेल्या लोकांची ही खोड मला एमिलनेच सांगितली होती. हवं ते कार्ड मिळालं आणि खिशात पैसे नसले, की ते भलत्याच खोक्यात खुपसून ठेवायचं. बेसबॉलचं कार्ड फुटबॉलमध्ये, म्हणजे पुढच्या महिन्यापर्यंत कोणी बघणार नाही. दुकानदार वैतागतात. ऑरिनला कळतच नाही, म्हणून सगळे त्याच्याकडेच पुरतात.

"कुत्र्यासारखं," मी म्हटलं.

"कुत्रं निदान उकरून खातं," बर्नी म्हणाली. "यातले निम्मे नुसतेच पुरतात."

ऑरिनची बेसबॉलची आठ खोकी मी संपवली. काही नाही. मग दवाखान्यातला तो शब्द आठवला. हॉकी. टेबलाच्या टोकाला हॉकीचं एकच खोकं आहे, लांबट, बुटाच्या खोक्याएवढं. सगळी कार्डं तोंडं पुढे करून उभी, आणि मधोमध एक पाठमोरं. बाकीच्यांपेक्षा करड्या पाठीचं. वरचे दोन आकडे दिसले, चार आणि एक. मी हात पुढे केला, तेवढ्यात बर्नीच्या हातातली कॉफी माझ्या कोटावर सांडली. अख्खा पेला.

"अगं बाई! भाजलं का? जा, जा, लगेच थंड पाणी मार, डाग बसेल!" तिने मला ढकललंच जवळजवळ.

परत आले तर सगळी कार्डं तोंडं पुढे करून उभी. खोकं दोनदा चाळलं. ऑरिनला विचारलं, कोणी आत्ता इथून काही घेतलं का? तो म्हणाला, "सकाळपासून हॉकीला कुत्रं विचारत नाहीये, मिसेस ह्रुश्का." बर्नी त्याच्या खुर्चीत बसून अंगठा चोखत होती, कागदाने कापला म्हणे.

माझे डोळे तसलेच. तरी ते दोन आकडे मी बघितले.

बुधवार, ११ मार्च

आज वर्ष झालं. सकाळी चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना. फादरने आडनाव नीट उच्चारलं. घरी येऊन संचाची पेटी काढली. त्या वर्षीच्या कार्डांत यादीचं एक कार्ड असतं, प्रत्येक नंबरापुढे छोटा चौकोन. त्याच्यावर पेन्सिल टेकवणं म्हणजे या मंडळींत महापाप, कार्डाची किंमत जाते. एमिल टेकवायचा. सुतारकामाची चपटी पेन्सिल, चाकूने तासलेली, आणि खूण माशाच्या गळासारखी, शेपूट उजवीकडे वर काढलेलं. "चौकोन दिलाय तो भरायलाच ना," म्हणायचा. सगळे चौकोन गळांनी भरलेत. एक रिकामा.

वर्षभर त्याच्याकडे बघत नव्हते. आज बराच वेळ बघितलं. बाजारातून रिकाम्या हाताने परत येताना तो कधी हिरमुसलेला नसायचा, हेही आज लक्षात आलं. "नाही मिळालं, लिदा. पुढच्या महिन्यात," म्हणायचा, आणि शिट्टी वाजवत गाडी काढायचा. हरणारा माणूस शिट्टी वाजवत नाही. मग वाटायचं, शहाणा आहे. आता काय वाटतं ते ठरत नाही.

शनिवार, १४ मार्च

चर्चच्या तळघरात बिंगो. बर्नी नेहमीसारखी डाव्या हाताने खुणा करत होती, तळवा शाईने निळा, आणि तिच्या सगळ्या रेघा पाठीवर पडल्यासारख्या डावीकडे कललेल्या. मी चिडवलं, "तुझ्या रेघांना उताणं झोपायची सवय लागलीय." ती म्हणाली, "त्यांची मालकीणही आता झोपायला टेकलीय."

घरी सोडताना विचारलं, "तुझ्या घरी कुत्र्याची ताटली अजून दाराशी का? डुक जाऊन दोन वर्षं झाली."

"उचलली की जागा रिकामी दिसते," ती म्हणाली.

रविवार, ५ एप्रिल

चर्चमधून थेट हॉलवर, झावळ्यांच्या रविवारी वाटतात त्या झावळ्या हातात घेऊनच. आज मी ठरवून गेले होते, आधी हॉकी. पण हॉलमध्ये शिरल्या शिरल्या बर्नी "मला आधी जाऊन येऊ दे" म्हणून पळाली. बाथरूम डावीकडे, ती गेली उजवीकडे. याच हॉलमध्ये तिच्या लग्नाची पार्टी झाली होती आणि हल्ली ती रस्ता चुकते. वय दोघींचं झालं. मला काळजी वाटली.

मी टेबलापाशी पोचेपर्यंत ती परत आलीही होती, बाहीला धूळ. हॉकीत काही नव्हतं. मी एकेक कार्ड काढून बघितलं. पण खोक्यातून वास येत होता. देवदाराचा, ताज्या तासलेल्या पेन्सिलीचा. मी नाक खुपसलं तर ऑरिन म्हणाला, "मिसेस ह्रुश्का, ती खायची नसतात."

"तुला वास येतो का?" मी बर्नीला विचारलं.

तिने वास घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला, हे मी माझ्या या डोळ्यांनीही बघितलं. "नाही," म्हणाली. "चल. डोनट संपतील."

परतताना तिने विचारलं, "लिदा, तुला खरंच जायचंय?"

"कार्ड मिळालं की जायचं. शब्द दिलाय."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर कशी जाऊ?"

तिने रेडिओ लावला. पुलावर आल्यावर म्हणाली, "एमिलला ते कार्ड कधी मिळालंच नसतं, सांगून ठेवते. काही कार्डं मिळण्यासाठी नसतात." एमिलबद्दल ती असं ठासून कधी बोलत नाही.

रविवार, ३ मे

आज बाजार नाही. हॉलची पाण्याची पाईप फुटली, गुडघाभर पाणी, सगळ्यांना फोन करून कळवलं. बर्नी तिच्या बहिणीकडे टोलेडोला गेली, परवा येईल. पहिला रविवार आणि घरात बसून, हे मागच्या सप्टेंबरपासून पहिल्यांदा.

पक्ष्यांच्या स्थलांतराचं एक पुस्तक आणलंय ते वाचत बसले. पक्षी बांधलेले नसतानाही त्याच वाटेने दरवर्षी जातात, आणि सरोवराच्या या काठावर एक दिवस दम खातात. हे मला ठाऊक होतं, खिडकीतून बघितलंय. पण कोणीतरी छापलेलं वाचलं की जास्त खरं वाटतं.

साडेदहाच्या सुमारास, म्हणजे आम्ही ऑरिनच्या टेबलाशी असतो त्या वेळेला, पुन्हा तो वास आला. स्वयंपाकघरात गेले. टेबलावर, एमिलच्या खुर्चीसमोर, पेन्सिलीचं तासलेलं पडलं होतं. चार-पाच साली, गोल वळलेल्या. चाकूने काढलेल्या. पेन्सिल बरणीत होती तिथेच होती. टोक नवं होतं.

मी तासलं नाही. मागचं दार आतून बंद होतं, पुढचंही.

घाबरले का? लिहून काढायचं म्हणजे खरं लिहायचं. घाबरले नाही. जेवायची वेळ झाली तरी कोणी हाक मारत नाही, तसं वाटलं. साली गोळा करून पाकिटात ठेवल्या. पेन्सिल पर्समध्ये टाकली. का, ते सांगता येणार नाही.

मंगळवार, ९ जून

रविवारचं आज लिहितेय. रविवारी हात लिहायला तयार नव्हता.

उन्हाळ्याची सुट्टी पडायच्या आधीचा हा शेवटचा बाजार. रोझानची मुदतही हीच. हॉलसमोर गाड्यांची गर्दी, बर्नी मला दारात उतरवून म्हणाली, "आत कॉफी घेऊन बस. मी गाडी लावून येते. माझ्याशिवाय सुरू करू नकोस, हं! शपथ घे."

"बरं बरं," मी म्हटलं. कॉफीची रांग लांब होती. मी सरळ शेवटच्या टेबलाकडे गेले.

हॉकीच्या खोक्यात मधोमध ते पाठमोरं उभं होतं. जणू एप्रिलपासून तसंच. मी ओढून काढलं. उलटं केलं. व्हर्जिल टास्कर, एक कोपरा उडालेला, टोपी डोळ्यांवर. पाठीवर चारशे अठरा.

ऑरिनला दाखवून विचारलं, हे इथे कधी आलं? त्याने चष्मा कपाळावर ढकलला. "माझ्याकडचं सगळं इथेच असतं. मे महिन्यात तर खोकी गॅरेजमधून बाहेरही निघाली नाहीत. एप्रिलच्या बाजारातून नेली, कुलूप लावलं, ते आज सकाळी काढलं. किल्ली माझ्या गळ्यात." त्याने शर्टातून दोरी ओढून दाखवली.

मग मी कार्डाची पाठ नीट बघितली. छापील आकड्यांच्या कडेने, अगदी बारीक, पेन्सिलीच्या खुणा. गळ. शेपूट उजवीकडे वर. मी खिडकीपाशी जाऊन मोजले. छत्तीस.

बाजार सप्टेंबर ते जून भरतो, वर्षाला दहा. मी गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून बोटांवर हिशेब केला, मार्चच्या बाजाराला तो दवाखान्यात होता. छत्तीस बाजार मागे गेलं की सप्टेंबर १९९३ येतो. त्या दिवशीच त्याला ते मिळालं होतं. पहिल्याच दिवशी, ज्या दिवशी मी अभ्रे बादलीत ठेवून गेले होते. मिळालं, आणि त्याने ते हॉकीत पुरलं, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, "नाही मिळालं, लिदा. पुढच्या महिन्यात." छत्तीस वेळा तो तिथे गेला, ते आहे ना बघितलं, एक गळ काढला, आणि शिट्टी वाजवत मला घरी घेऊन आला. मिळालं असतं तर आमचे रविवार संपले असते.

मी त्या खिडकीपाशी उभी राहून हसले, असं ऑरिन म्हणतो. मला तसं आठवत नाही.

पण खुणा तिथे संपत नाहीत. छत्तीस गळांच्या नंतर अकरा रेघा आहेत. गळ नाहीत, साध्या रेघा, डावीकडे कललेल्या, पाठीवर पडल्यासारख्या. मागच्या एप्रिलपासून या एप्रिलपर्यंत अकरा बाजार झाले. म्हणजे तो गेल्यावरच्या. माझी समजूत अशी, की मेल्यावर माणसाचा हात बदलत असेल. आडवं झोपून लिहायला लागत असेल, म्हणून त्या तशा कलतात. बिचाऱ्याला गळ जमत नसेल.

आणि सगळ्यांत शेवटी एक गळ. एकच. काळाभोर, ताजा, शेपूट उजवीकडे वर. मे महिन्याचा. बाजार भरला नाही त्या रविवारचा. तेव्हा त्याला पुन्हा जमलं असावं. बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं.

मी पर्स उघडून पेन्सिल काढली. ऑरिन ओरडला, "अहो, काय करताय! कार्ड आहे ते!" मी गळाच्या शेजारी माझी खूण केली. मला गळ येत नाही, मी आपला एक लहान गोल काढला, बशीसारखा. मग कार्ड पाठमोरं करून हॉकीत जिथे होतं तिथे खुपसलं.

वळले तर बर्नी दोन पावलांवर, धापा टाकत, गाडीच्या किल्ल्या मुठीत. तिने खोक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. इतकी म्हातारी ती मला कधी दिसली नव्हती.

"मिळालं?" तिने शेवटी विचारलं.

"नाही मिळालं," मी म्हटलं. "सप्टेंबरमध्ये बघू."

ती ऑरिनच्या खुर्चीत मटकन बसली आणि रडायला लागली. रिची आणि सगळे बघायला लागले. मी म्हटलं, "अगं, मला एवढं नाही वाईट वाटत, तुला काय झालं?" ती डाव्या हाताने डोळे पुसत म्हणाली, "काही नाही. डोळे मिटलेला एकही नाही मिळाला आज." एवढ्याशा गोष्टीसाठी! मी तिला दोन डोनट आणून दिले. परतताना गाडी तिनेच चालवली, पण पुलावर आल्यावर चक्क शिट्टी वाजवायला लागली. बर्नीला शिट्टी वाजवता येते हे बावीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं. सूर ओळखीचा होता.

माझ्या डाव्या बाजूला, खिडकीकडे नव्हे, आम्हा दोघींच्या मध्ये, सीटवर देवदाराचा वास घरापर्यंत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोझानला फोन करून सांगितलं की कार्ड मिळालेलं नाही, आणि मग अभ्रे धुऊन दोरीवर घातले.